‘डाकू’ गेला, भिंत मागे राहिली : हनीफ कुरेशी यांच्या पहिल्या स्मृतिदिनी आपल्या गावच्या पेंटरची गोष्ट

देऊळगाव राजा : २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आली. नवरात्र लागलं की दसरा आणि पाठोपाठ बालाजी महाराजांची यात्रा, म्हणजे शहरात आणि तालुक्यातल्या गावागावांत फ्लेक्सचा हंगाम सुरू. चौकात, वेशीत, एसटी स्टँडजवळ शुभेच्छुकांचे हात जोडलेले फोटो रातोरात उभे राहतात. याच तारखेला, त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, २२ सप्टेंबर २०२४ रोजी एक माणूस कॅन्सरने गेला. त्याने जन्मभर भिंतीवरच्या आणि पाटीवरच्या हाताने काढलेल्या अक्षरांचा ध्यास घेतला होता. नाव हनीफ कुरेशी. वय अवघं चाळिशीतलं.

आपल्या भागात हे नाव फारसं कोणाला माहीत नाही. मुंबई, दिल्लीच्या इंग्रजी पेपरांनी त्यांच्यावर पानं भरून लिहिलं, मराठीत त्या मानाने कमीच छापून आलं. पण त्यांनी ज्या गोष्टीसाठी काम केलं ती गोष्ट आपल्या तालुक्यात रोज डोळ्यांसमोर मरते आहे. म्हणून हा विषय शहरवाल्यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

कोण होते हनीफ कुरेशी?

गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यातलं तळाजा हे त्यांचं गाव. आपल्या देऊळगाव राजासारखंच तालुक्याचं गाव. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, भिंतीवरच्या जाहिराती रंगवणारे पेंटर बघत ते लहानाचे मोठे झाले. आपणही पेंटर व्हावं, हे त्यांचं शाळकरी वयातलं स्वप्न. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी कलाशिक्षण घेतलं आणि दिल्लीत मोठ्या जाहिरात कंपन्यांत नोकरी केली. पगार होता, मान होता. पण जीव अडकला होता तो पाटी रंगवणाऱ्या माणसातच.

२०१४ साली त्यांनी चार सहकाऱ्यांसोबत ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ ही संस्था उभी केली. चित्र फक्त गॅलरीत, पास काढून आत गेलेल्या लोकांनीच का बघावं, ते रस्त्यावरच्या भिंतीवर सगळ्यांना दिसलं पाहिजे, हा तिचा साधा विचार. दिल्लीतली लोधी कॉलनी ही सरकारी नोकरांची जुनी वसाहत. तिथल्या पन्नासहून जास्त भिंतींवर देशविदेशातल्या कलावंतांनी चित्रं काढली. मुंबईत २०१४ मध्येच वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळके यांचं भलंमोठं चित्र उभं राहिलं. ते काढणारे रणजित दहिया हे हरियाणातल्या खेड्यात घरांना चुना मारण्यापासून सुरुवात केलेले कलावंत. २०१७ मध्ये कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये मोठं प्रदर्शन झालं. कोळंबी सोलणाऱ्या बाया, होड्या, बर्फाच्या गाड्या अशा त्या गजबजलेल्या जुन्या धक्क्यात कोळी बांधवांचे मोठमोठे चेहरे भिंतींवर झळकले. नंतर माहीम पूर्वेच्या भिंतीही रंगल्या.

दिवसा हनीफ, रात्री डाकू

ही झाली परवानगी घेऊन केलेली कामं. पण दिल्लीत बरीच वर्षं आणखी एक नाव भिंतींवर दिसत होतं. ‘डाकू’. तेही देवनागरीत. ग्राफिटी हा प्रकार अमेरिकेतून आलेला. आपल्याकडचे तरुणही आपलं टोपणनाव इंग्रजी अक्षरांतच फवारायचे. या पठ्ठ्याने मात्र आपली लिपी धरली. तो कोण, हे जवळच्या माणसांपलीकडे कोणालाच माहीत नव्हतं. मुलाखत दिली तरी तोंड झाकून. हनीफ गेल्यानंतर ही गोष्ट उघडपणे बोलली गेली, की डाकू म्हणजे हनीफ कुरेशीच.

डाकूची कामं नुसती नाव लिहिण्यापुरती नव्हती. रस्त्यावरच्या ‘स्टॉप’ या पाटीखाली एखादा शब्द वाढवून तो वाचणाऱ्याला चिमटा काढायचा. निवडणुकीच्या काळात ‘मत दो’ या दोन शब्दांशी तो खेळला. हिंदीत त्याचे दोन अर्थ होतात, मत द्या आणि देऊ नका. लोधी कॉलनीतल्या एका भिंतीवर त्याने रंगच वापरला नाही. भिंतीतून बाहेर आलेली अक्षरं बसवली. उन्हात त्यांची सावली भिंतीवर पडते आणि तीच वाचायची. सूर्य सरकला की शब्द सरकतात, ऊन गेलं की शब्द गेले. काळ सगळं बदलतो, एवढंच त्या भिंतीला सांगायचं होतं. पुढे २०१८ मध्ये गोव्यात पणजीला एका रस्त्यावर वर अक्षरांची जाळी टांगून त्याने असाच सावल्यांचा खेळ केला. रस्त्याने जाणाऱ्याच्या अंगावरून शब्द सरकत जायचे. सावलीवरून वेळ ओळखणाऱ्या शेतकऱ्याला हे काम समजावून सांगायची गरज पडणार नाही.

खरं मोठं काम : पेंटरचा हात जपणं

डाकूची गोष्ट रंगतदार आहे, म्हणून तीच जास्त सांगितली जाते. पण हनीफ यांचं गावखेड्याच्या कामाचं काम वेगळंच आहे. २०१० च्या सुमारास त्यांनी देशभरातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं गोळा करायला सुरुवात केली. त्या उपक्रमाचं नाव ‘हँडपेंटेड टाइप’. पद्धत सोपी. पेंटरला गाठायचं, त्याच्या हातून सगळी अक्षरं आणि आकडे त्याच्या खास शैलीत काढून घ्यायचे, त्याचे फोटो घेऊन संगणकावर त्याचा फॉन्ट करायचा. आणि फॉन्टला नाव कोणाचं? त्या पेंटरचं! जुन्या दिल्लीतल्या पेंटर कफील यांच्या अक्षरांचा फॉन्ट ‘पेंटर कफील’ याच नावाने निघाला. विक्रीतला वाटा पेंटरला, ही त्यातली दुसरी महत्त्वाची गोष्ट.

हे केलं कशासाठी? तर फ्लेक्स आणि कटर मशीनने पेंटरचा धंदा बसत चालला होता. एकेक पेंटर काम सोडत होता. त्याच्यासोबत त्याची अक्षरं जात होती. पेंटरचं अक्षर पुस्तकात शिकायला मिळत नाही. ते उस्तादाकडून चेल्याकडे, बापाकडून पोराकडे जातं. मधला एक जण तुटला की साखळी संपली.

आपल्या भिंती काय काय सांगायच्या

आता जरा आपल्याकडे बघू. टीव्ही, मोबाईल यायच्या आधी गावाला बातमी देणारी दोनच साधनं होती, दवंडी आणि भिंत. सरकारला काही सांगायचं असलं की ते भिंतीवर यायचं. १९७५ च्या आसपास देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा, हे गेरूने लिहिलेलं आज साठी ओलांडलेल्या कोणालाही आठवत असेल. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीवरूनच घराघरात पोहोचला. २००० साली संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान आलं तेव्हा गावंच्या गावं घोषवाक्यांनी रंगली. बाकी मग बियाण्यांच्या, खतांच्या, औषधांच्या कंपन्या. आपला पट्टा बीजोत्पादनाचा, जालना हाकेच्या अंतरावर. त्यामुळे कपाशीच्या वाणाचं नाव लिहिलेली भिंत नाही असं गाव सापडणं मुश्किल होतं. पेरणीच्या आधी भिंती बदलल्या की कोणतं वाण बाजारात आलं हे चालता चालता कळायचं.

हे लिहिणारा माणूस म्हणजे पेंटर. त्याची हत्यारं तरी किती? शिडी, चार ब्रश, खडू, दोरी आणि रंगाचे डबे. आधी भिंतीला चुना. मग दोघांनी निळीत किंवा गेरूत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधून ओढून सोडायची. सरळ रेष उमटते. अशा दोन रेषांमध्ये खडूने अक्षरं मांडून घ्यायची. ओळीत किती अक्षरं, काना किती, वेलांटी कुठे चढणार, जोडाक्षर किती जागा खाणार, हा सगळा हिशेब डोक्यात. भिंत संपली आणि शब्द उरला असं होऊन चालत नाही. चांगला पेंटर वीस फुटांवरून वाचता यावं असं अक्षर काढतो आणि त्याला सावली देऊन भिंतीतून उचलून धरतो.

महाराष्ट्रात पेंटर ही नुसती मजुरी कधीच नव्हती, ती पदवी होती. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना लोकांनी बाबूराव पेंटर केलं. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या माणसाने पुढे मराठी सिनेमा उभा केला. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत मोठे झाले. म्हणजे भिंतीपासून, फलकापासून माणूस कुठवर जाऊ शकतो याचे दाखले आपल्याच मातीत आहेत.

अक्षर गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

काही जण म्हणतील, काय फरक पडतो? शब्द तोच, फ्लेक्सवर आला काय अन् भिंतीवर आला काय. फरक पडतो. एक उदाहरण घ्या. मराठीचा ‘ल’ आणि हिंदीचा ‘ल’ दिसायला वेगळे आहेत. ‘श’ चंही तसंच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीचा म्हणून धरला. पण संगणकावरचे बरेच फॉन्ट हिंदीच्या वळणाचे. डीटीपीवाल्याने फाइल उघडली, नाव टाकलं, आपोआप हिंदी ‘ल’ येतो. त्यात एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात टाकला की रफार पळतो, जोडाक्षर फुटतं, ‘शुभेच्छा’ चा भलताच शब्द होतो. तोच हजार रुपयांचा फ्लेक्स चौकात आठ दिवस लटकतो आणि शाळेतली पोरं तेच वाचून मोठी होतात. गावच्या पेंटरने मात्र, शासन निर्णय न वाचताही, पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ काढला. कारण त्याच्या उस्तादाने तसाच शिकवला होता.

संगणकावर चांगलं मराठी अक्षर आणता येत नाही असं मुळीच नाही. सरकारी कागदांवर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी कवी आणि सुलेखनकारानेच तयार केला. २००८ मध्ये ते गेले. त्यांनी मशीनला मराठी वळण शिकवलं, हनीफ यांनी पेंटरचं वळण मशीनमध्ये जपलं. मशीनचा दुस्वास दोघांनीही केला नाही.

फ्लेक्सला नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही

धंद्याचा हिशेब सरळ आहे. भिंत रंगवायला दिवस जातो, ऊन-पाऊस बघावा लागतो. फ्लेक्स तासाभरात निघतो, फोटोसकट. वाढदिवस उद्या आणि आठवण आज झाली तरी काम होतं. पेंटरला फोटो काढता येतो, पण पंचवीस कार्यकर्त्यांचे पंचवीस चेहरे एका रात्रीत कसा काढणार? म्हणून गिऱ्हाईक फ्लेक्सकडे गेलं. काही पेंटरांनी शहाणपणाने स्वतःच फ्लेक्सचं दुकान टाकलं. ज्यांच्याकडे भांडवल नव्हतं ते घरांना रंग मारायला लागले, कोणी पुण्याकडे, संभाजीनगरकडे मजुरीला गेले.

शेतकऱ्यालाही फ्लेक्सचा उपयोग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. जुना फ्लेक्स मागून आणून सोयाबीनच्या सुडीवर टाकतात, गोठ्याला आडोसा करतात. २०२५ च्या सप्टेंबरच्या पावसात अनेकांची सुडी नेत्याच्या फोटोखालीच झाकलेली होती. पण हे प्लास्टिकचंच कापड. चार-सहा महिन्यांत उन्हाने चिरतं, त्याचे तुकडे वावरात, नाल्यात, जनावरांच्या पोटात जातात. चुना आणि गेरू पावसात धुऊन गेला तर मातीत मिसळतो. मागे काही उरत नाही.

कायदा कोणाला लागतो?

डाकूच्या निमित्ताने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परवानगी न घेता दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रुपीकरणाला आळा घालणारा कायदा १९९५ पासून आहे. डाकूने केलं ते कायद्यात बसत नव्हतं आणि म्हणूनच त्याला तोंड लपवावं लागलं. त्याचं कौतुक करताना हे विसरता येत नाही. एखाद्या गरिबाने पैसे जमवून रंगवलेल्या भिंतीवर कोणी रात्रीतून फवारा मारला तर त्याला कला म्हणायचं कसं?

पण मग तोच कायदा फ्लेक्सला का लागत नाही? बेकायदा फलकांवर कारवाई करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली राज्यातल्या पालिकांना बजावलं. त्यानंतरही चौकाचौकांत चित्र तेच. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. तेव्हा काही दिवस राज्यभर मोजमापं झाली, नोटिसा निघाल्या. नंतर पुन्हा शांत. नाव लपवून भिंतीवर लिहिणारा डाकू ठरतो. स्वतःचं नाव, फोटो, पद टाकून रस्ता अडवणारा मात्र शुभेच्छुक! फरक एवढाच की पहिल्याच्या मागे कोणी नाही.

रंगाने नाली साफ होत नाही

हनीफ यांच्या संस्थेच्या कामावर टीकाही झाली, तीही नोंदवली पाहिजे. रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचं पाठबळ या कामाला होतं. मग ही कला की कंपनीची जाहिरात, असं काहींनी विचारलं. वस्तीच्या भिंती रंगल्या, फोटो काढायला लोक आले, पण आतल्या माणसाच्या घरात पाणी आलं का? हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडेही बोलक्या भिंती झाल्या. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात शाळा रंगल्या. भिंतीवर पाढे, नकाशे, झाडाचे भाग आले, पोरांना त्याचा उपयोगही होतो. पण छत गळत असेल, शौचालयाला पाणी नसेल, तर भिंतीवरचं मोराचं चित्र ते झाकू शकत नाही.

हनीफ यांच्या कामाचा चांगला भाग यातून वेगळा काढता येतो. ससून डॉकमध्ये तिथे राबणाऱ्या लोकांचे चेहरे भिंतीवर आले. भिंत ज्यांची, चित्र त्यांचं. बाहेरून आणलेली तयार डिझाईन चिकटवणं वेगळं आणि गावातला माणूस, गावातलं काम भिंतीवर आणणं वेगळं.

मग तालुक्याने काय घ्यायचं?

हनीफ यांचा वारसा मोठ्या भिंतींपुरता धरला तर तो आपल्या कामाचा नाही. तेवढा पैसा इथे नाही. पण चार गोष्टी विनाखर्चाच्या किंवा थोड्या खर्चाच्या आहेत.

पहिली गोष्ट, शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायतीच्या भिंतींचं काम निघतं तेव्हा ते बाहेरच्या एजन्सीला एकगठ्ठा देण्याऐवजी तालुक्यातल्या पेंटरांना मिळावं. पैसा गावात राहील, अक्षर मराठी राहील. काम खराब झालं तर धरायला माणूसही समोर राहील.

दुसरी, पेंटरचं नाव. पूर्वी पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटर आपलं नाव आणि गाव टाकायचा. सरकारी भिंतीवर सरपंच, सचिव, अभियंता सगळ्यांची नावं असतात, रंगवणाऱ्याचं नसतं. ते लिहायला एक पैसा लागत नाही.

तिसरी, हनीफ यांनी केलं तेच छोट्या प्रमाणात. तालुक्यात जुने पेंटर अजून आहेत. कॉलेजच्या, हायस्कूलच्या पोरांनी त्यांच्याकडे जावं, ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत अक्षरं, बाराखडी आणि आकडे एका कागदावर काढून घ्यावेत, मोबाईलवर फोटो काढावेत. फॉन्ट आज नाही झाला तरी चालेल. कागद राहिला तर तो पुढे केव्हाही होईल. जुन्या दुकानांच्या पाट्या, एखाद्या वाड्यावरची अर्धवट पुसलेली जाहिरात, यांचेही फोटो ठेवावेत. रस्ता रुंदीकरणात अशा भिंती एका दिवसात जातात.

चौथी गोष्ट यात्रा-जयंतीची. १२ जानेवारीला शेजारच्या सिंदखेड राजाला जिजाऊ जन्मोत्सवाला राज्यभरातून लोक येतात. बालाजी यात्रेला देऊळगावात गर्दी होते. या दोन्ही वाटांवर फ्लेक्सच्या कमानींऐवजी हाताने रंगवलेल्या भिंती आणि कापडी फलक दिसले, तर येणारा माणूस थांबून वाचेल. फ्लेक्सकडे आता कोणी थांबून बघत नाही, ही गोष्ट फ्लेक्स लावणाऱ्यांनाही मनातून पटलेली आहे.

हे सगळं झालं तरी पेंटरचे जुने दिवस परत येतील, असं कोणी समजू नये. बैलगाडी गेली तशी काही कामं जातातच. पण बैलगाडी गेली तरी बैलाची पारख करणारा माणूस गावात राहिला पाहिजे. तसंच अक्षराचं आहे. सरळ रेष म्हणजे काय, कोणतं अक्षर लांबून वाचता येतं, ‘ल’ ची पाकळी कुठे वळते, हे हाताने जाणणारा एक तरी माणूस प्रत्येक तालुक्यात राहावा.

हनीफ कुरेशी मोठ्या जाहिरात कंपनीत होते. त्यांना पेंटरला विसरणं सहज शक्य होतं. त्यांनी उलट त्याच्या दुकानात जाऊन बसणं पसंत केलं आणि फॉन्टला स्वतःचं नाही, पेंटरचं नाव दिलं. भिंतीवर लिहिताना तर त्यांनी स्वतःचं नाव टाकलंच नाही. घटस्थापनेच्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर ज्यांची नावं आणि फोटो होते, त्यांनी एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून घेतली तरी गाव बरंच मोकळं दिसेल.